संघटनेने आपल्याच मेंबरला शेवटचं ‘नाही’ कधी म्हटलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात उद्योग-व्यापाराच्या संघटनांच्या दोनच प्रकारच्या बातम्या येतात. एक म्हणजे ‘शिष्टमंडळाने मंत्र्यांना निवेदन दिलं’, सोबत एकच कागद दहा जणांनी धरलेला फोटो, आणि दुसरी बजेटच्या दुसऱ्या दिवशीची, ‘उद्योग संघटनांकडून स्वागत’. मधूनच कुणीतरी अग्रलेखात ‘लॉबी’ म्हणून झोडपून काढतं. मी खोके बनवणारा छोटा कारखानदार आहे, आमच्या धंद्याच्या संघटनेत बावीस वर्षं मेंबर आणि त्यातली सहा वर्षं कमिटीवर काढलीत, त्यामुळे फोटोतला माणूसही मीच आणि लॉबीवालाही मीच, म्हणून म्हटलं एकदा लिहावं. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

कमिटीवर गेलो त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, हिशेब मंजूर झाले, आणि मग आला शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ज्यांनी अशा सभांना हजेरी लावलीय त्यांना माहितीये, खरी सभा इथून सुरू होते. खोक्यांना लागणाऱ्या क्राफ्ट पेपरचा भाव त्या महिन्यात दोनदा वाढला होता आणि गिऱ्हाईक काही रेट वाढवून द्यायला तयार नव्हतं, तेव्हा एक जण म्हणाला की एक तारखेपासून सगळ्यांनी एकच रेट लावूया ना, त्याच्या खाली कुणी कोटेशनच द्यायचं नाही, मग गिऱ्हाईक जाईल कुठे. सेक्रेटरीने पेनाला टोपण लावलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याला बरोबर कळलं की आता लिहायचं नाहीये. तेवढ्यात आमच्यातले एक जुने मेंबर उठले, खुर्ची सरकवली आणि म्हणाले, माझा याला विरोध आहे, मी बाहेर चाललोय, आणि मी किती वाजता उठलो ते मिनिट्समध्ये लिहा. सेक्रेटरीने अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी छताकडे. ते गृहस्थ दाराशी उभेच राहिले, लिहिल्याशिवाय जायलाच तयार नाहीत. शेवटी पेनाचं टोपण निघालं, ‘सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी विरोध नोंदवून सभात्याग’ असं लिहिलं गेलं, आणि नंतर तो विषय काढायची कुणाची हिंमत झाली नाही, पाच मिनिटांत आभार मानून सगळे घरी.

मी काय केलं? मी बसूनच होतो. खरं सांगायचं तर तो रेट मला हवाच होता.

नंतर एका वकिलाने सांगितलं की म्हातारबुवांनी केलं ते नाटक नव्हतं, जगभर संघटनांच्या मेंबरांना हेच शिकवतात. भावाची चर्चा सुरू झाली की विरोध करा, उठा, आणि उठल्याची नोंद करायला लावा, नाहीतर गप्प बसलेलाही सामील धरला जातो. युरोपात तर १९५७ च्या रोमच्या करारातच कंपन्यांच्या आपसातल्या संगनमताबरोबर ‘कंपन्यांच्या संघटनांचे निर्णय’ असा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे ठराव संघटनेच्या नावाने केला म्हणून कुणी सुटत नाही.

आता यावर कुणीतरी अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ काढणारच. तो १७७६ साली लिहून गेलाय की एका धंद्यातली माणसं मौजमजेसाठी जरी भेटली तरी गप्पा शेवटी लोकांविरुद्धच्या कटावर नाहीतर भाव वाढवायच्या युक्तीवर येतात. बरोबरच आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. पण हे वाक्य फेकणारे पुढचं सांगत नाहीत, लगेच पुढे तो म्हणतो की अशा भेटी कायद्याने बंद करणं स्वातंत्र्याला आणि न्यायाला धरून होणार नाही, फक्त कायद्याने त्यांना स्वतःहून उत्तेजन देऊ नये. फ्रान्सने १७९१ साली बंदीच घातली, आधी धंद्यांचे गिल्ड, म्हणजे जुन्या संघटना, मोडले आणि मग मालक-कामगार कुणीच एका धंद्याच्या नावाने एकत्र यायचं नाही असा कायदा केला. ९३ वर्षांनी, १८८४ साली, त्यांना संघटना परत कायदेशीर कराव्या लागल्या. माणसं भेटणारच हो. भेटल्यावर दाराशी कोण उभं राहतं एवढंच बघायचं.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट हॉलमार्कची आहे. सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो पण यातला ‘हॉल’ कुठला, असा प्रश्न कुणाला पडत नाही. तो लंडनच्या सोनारांच्या संघटनेचा हॉल. १३२७ साली त्यांना राजाची सनद मिळाली आणि १४७८ पासून सोनाराने आपला माल त्या हॉलवर आणायचा, तिथे कस लावून बघायचा आणि पास झाला तरच ठसा, असं सुरू झालं. म्हणजे बघा, ज्याच्यासमोर दुकानात स्पर्धा करायची त्याच्याच संघटनेने तुमचा माल तपासायचा, कमी कसाचा निघाला तर तिथल्या तिथे मोडून टाकायचा, आणि हे सगळं तुमच्याच वर्गणीतून. कुणाही धंदेवाल्याला हे गोड लागणार नाही, पण त्यामुळेच तर गिऱ्हाइकाने सोनाराचं तोंड न बघता ठसा बघायला सुरुवात केली. अर्थात हेच गिल्डवाले नव्या माणसाला धंद्यात शिरू द्यायचे नाहीत, वर्षानुवर्षं उमेदवारी करायला लावायचे, तेही विसरून चालणार नाही.

आणि हे फक्त तिकडचंच आहे असं नाही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे तेव्हाच्या संघटनांकडे, मिळून ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, एकीकडे २००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या चिवरांचा वगैरे खर्च चालवायचा. राजाचा जावई विणकरांच्या संघटनेकडे पैसा ठेवतोय, तोही कायमचा, म्हणजे श्रेणीचा शब्द बाजारात किती चालत असेल. आज माझ्या संघटनेकडे कुणी कायमची ठेव ठेवेल का असा विचार केला आणि हसूच आलं, आमच्याकडे लोक वर्गणी ठेवत नाहीत.

वर्गणीवरून आठवलं, हे दुखणंही जुनंच आहे. मॅन्कर ओल्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६५ साली नीट मांडलंय की संघटनेने धडपड करून कर कमी करून आणला तर तो वर्गणी न भरणाऱ्यालाही कमीच होतो, मग शहाणा माणूस भरेल कशाला? त्याच माणसाने पुढे दाखवलं की चार-पाच मोठ्या कंपन्या चटकन एकत्र येतात आणि हजारो छोटे किंवा लाखो गिऱ्हाइकं येत नाहीत, कारण मोठ्याला एकट्यानेही खर्च परवडतो. जर्मनीने यावर सरळ उपाय केला, चेंबरची, म्हणजे उद्योग-व्यापाराच्या मंडळाची, मेंबरशिप कायद्यानेच सक्तीची, आणि शिकाऊ कामगारांच्या परीक्षाही ते चेंबरच घेतं. बाकी बहुतेक ठिकाणी आमच्यासारखंच, फोन करा, मेसेज टाका, एजीएमच्या आधी थकबाकीची यादी बोर्डावर लावा.

पण संघटना लागते कशाला हे ज्याला कळत नाही त्याने १९०४ ची बाल्टिमोरची आग वाचावी. फेब्रुवारीतली गोष्ट, आग आटपेना म्हणून वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आले. पाणी आहे, माणसं आहेत, पाइप आहेत, आणि पाइपाचं कपलिंग बाल्टिमोरच्या नळाला बसेना, कारण आटे वेगळे. दीड हजारावर इमारती जळाल्या. नंतर मोजणी झाली तेव्हा देशभरात कपलिंगचे ६०० च्या वर प्रकार निघाले. हे का होतं ते आम्हा कारखानदारांना विचारा, माझा आटा वेगळा ठेवला की गिऱ्हाईक सुट्टा पार्टही माझ्याकडूनच घेणार ना. मग दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, विमा कंपन्यांच्या पुढाकाराने १८९६ साली निघालेल्या फायर प्रोटेक्शन असोसिएशनने एक माप ठरवलं, आणि ते ठरवताना ज्याचं ज्याचं माप वेगळं होतं त्याला आपला साचा भंगारात काढा असं कुणीतरी सांगावंच लागलं असणार. ऐच्छिक असल्यामुळे कितीतरी गावांनी ते माप पुढेही घेतलं नाही, ती गोष्ट वेगळी. दुकानात माल स्कॅन होताना बीप वाजतो ना, तो बारकोडही असाच, अमेरिकेतल्या किराणा माल बनवणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या संघटनांनी १९७० साली एकत्र कमिटी बसवली, १९७३ ला एक चिन्ह ठरलं आणि जून १९७४ मध्ये ओहायोतल्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पहिलं पाकीट स्कॅन झालं. सरकारी हुकूम नाही, काही नाही. माल बनवणारे आणि विकणारे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, पण बसले एका टेबलावर.

आकडेवारीचंही तसंच आहे, संघटनेने मेंबरांचे आकडे गोळा केले की लगेच लोक म्हणतात कट शिजतोय. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर अशी दोन प्रकरणं चार वर्षांच्या अंतराने आली. १९२१ मध्ये कठीण लाकूडवाल्यांची संघटना अडकली, ते कोणी कुणाला काय भावाने विकलं ते नावानिशी सगळ्यांना वाटायचे आणि वर सभेत उत्पादन आवरतं घ्या असा उपदेश. १९२५ मध्ये मेपल फ्लोअरिंगवाल्यांची संघटना सुटली, कारण त्यांचे आकडे झालेल्या व्यवहारांचे, एकत्र केलेले, आणि कुठल्या मेंबरचा कुठला ते कळू न देणारे. मी कमिटीवर असताना हा फरक कुणीतरी समजावून सांगितला असता तर बरं झालं असतं, आम्ही आपले एक्सेलची शीट कारखान्याच्या नावांसकट ग्रुपवर टाकत होतो.

आता मुद्द्यावर येतो. संघटना सरकारला काय सांगते यावरून तिची किंमत करू नका, ते कुणीही सांगतं. संघटनेने आपल्याच मेंबरला कधी ‘नाही’ म्हटलंय का ते बघा.

केमिकलवाल्यांचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं आणि पुढच्याच वर्षी कॅनडातल्या केमिकल उत्पादकांच्या संघटनेने ‘रिस्पॉन्सिबल केअर’ नावाची सुरक्षेची आचारसंहिता काढली, १९८८ ला अमेरिकेतल्या संघटनेनेही घेतली. नियम चांगले होते, पण सुरुवातीच्या वर्षांत तिकडे बाहेरच्या माणसाकडून तपासणी नाही आणि कुणी पाळलं नाही तर त्याला काढायचंही नाही. किंग आणि लेनॉक्स या दोन संशोधकांनी २००० साली तपासून बघितलं तर प्रदूषण कमी करण्यात सही केलेल्या कंपन्या सही न केलेल्यांच्या पुढे नव्हत्याच, उलट थोड्या मागे पडलेल्या दिसल्या. लोगो सगळ्यांच्या लेटरहेडवर. तपासणीची अट नंतर आली.

त्याच्याशेजारी अमेरिकेतल्या अणुवीज कंपन्या ठेवा. मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडचा अपघात झाला, त्याच वर्षी डिसेंबरात या कंपन्यांनी मिळून इन्पो नावाची स्वतःची संस्था काढली. दुसऱ्या प्लांटमधली अनुभवी माणसं घेऊन ते तुमच्या प्लांटमध्ये येऊन राहतात, सगळं तपासतात, नंबर देतात, आणि वर्षातून एकदा सगळ्या कंपन्यांचे सीईओ एका खोलीत बसलेले असताना कुणाचा प्लांट कितव्या नंबरवर आहे ते सांगतात. त्या खोलीत शेवटच्या नंबरवाल्याचं काय होत असेल याची कल्पना करा. वर विम्याचा हप्ता त्या नंबरावर बघून. यांना ही अक्कल आली कारण एकाचा प्लांट बिघडला की जनता सगळ्यांचेच बंद करा म्हणते, हे त्यांना समोर दिसलं होतं. माझी एकच तक्रार, ते रिपोर्ट बाहेरच्या लोकांना बघायला मिळत नाहीत, आणि प्लांटशेजारी राहणारे बाहेरचेच असतात.

संघटनेने उलटं काम केलं तर काय होतं त्यासाठी सिगारेटवाल्यांकडे बघायचं. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या हॉटेलात भेटले, कारण सिगारेटने कॅन्सर होतो असं संशोधन यायला लागलं होतं, आणि जानेवारी १९५४ मध्ये ४०० च्या वर पेपरांत पानभर निवेदन दिलं की आम्हाला लोकांच्या आरोग्याची काळजी आहे, आम्ही संशोधनाला पैसा देऊ. १९५८ साली ‘टोबॅको इन्स्टिट्यूट’ उभी राहिली आणि चाळीस वर्षं तिने शंका पिकवल्या, १९९८ मध्ये राज्यांबरोबरच्या तडजोडीत ती बंद करावी लागली. एकेकट्या कंपनीला इतकं जमलं नसतं, नाव संघटनेचं होतं म्हणून ते म्हणणं ‘इंडस्ट्रीचं मत’ झालं. आणि ती पानभर जाहिरात छापणारे पेपरवालेच होते बरं का, संपादक महाशय.

बांगलादेशातही बघा. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेच्या वर कामगार गेले. त्याआधी दोनच वर्षं, २०११ मध्ये, तिथल्या हायकोर्टाने तयार कपड्यांच्या कारखानदारांच्या संघटनेचं ढाक्यातलं स्वतःचं मुख्यालयच बेकायदा ठरवून पाडायला सांगितलं होतं. पाणवठ्यावर भर घालून बांधलेलं. पाडायला सुरुवात झाली २०२० मध्ये. आता ज्याचा स्वतःचा बंगला बेकायदा तो मेंबरला तुझ्या कारखान्याचे मजले कितीचे पास आहेत असं कुठल्या तोंडाने विचारणार? शेवटी इमारती तपासायचा बंधनकारक करार केला तो परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांनी, मे २०१३ मध्ये. मालकांची संघटना त्या कामात बरोबरीने टेबलावर आली ती २०२० मध्ये, तपासणीचं काम नव्या कौन्सिलकडे गेलं तेव्हा. उशिरा का होईना, आली.

हे वाचून असं वाटेल की मी संघटनांवर चिडलोय, तसं नाहीये. सिव्हिल सोसायटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एनजीओ येतात, आंदोलनवाले येतात, धंदेवाल्यांची संघटना कुणी त्यात धरत नाही, पण ट्युनिशियात २०१३ मध्ये विरोधी पक्षाच्या दोन नेत्यांच्या हत्या झाल्या आणि देश यादवीच्या तोंडावर आला, तेव्हा जे चार जण मध्ये पडले त्यात कामगारांचा महासंघ, मानवी हक्कवाले, वकिलांची संघटना आणि चौथा उद्योग-व्यापाराचा महासंघ होता. ज्या दोघांची एरवी पगारवाढीवरून भांडणं चालायची, ते मालक आणि कामगार एका बाजूला बसून राजकारण्यांना म्हणाले, आधी तुम्ही बोलायला बसा. जानेवारी २०१४ मध्ये नवी राज्यघटना आली, २०१५ चं शांततेचं नोबेल या चौघांना मिळालं, आणि उद्योजकांच्या वतीने विदेद बुशमावी या बाई होत्या. पुढे त्या देशाचं जे झालं ते झालं, पण त्या वेळी तरी त्यांचं ऐकलं गेलं, कारण त्यांनी आपल्या माणसांनाही आवरलं असणार असं मला वाटतं, नाहीतर कोण ऐकतंय.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी ‘उद्योग संघटनेची मागणी’ छापाल तेव्हा वार्ताहराला दोन-चार प्रश्न विचारायला सांगा. मेंबर किती आणि त्या धंद्यात एकूण कारखाने किती. वर्गणीचा अर्धा पैसा दोन-तीन मोठ्या कंपन्यांकडूनच येतो का, कारण आमच्याकडे मोठ्यांची वर्गणी टर्नओव्हरवर असते आणि कागदावर प्रत्येकाला एकच मत असलं तरी निवेदनाचा ड्राफ्ट कुणाच्या ऑफिसातून टाइप होऊन येतो ते आम्हाला ठाऊक आहे. मागणी मान्य झाली तर तोटा कुणाचा. आणि शेवटचा, नियम मोडला म्हणून तुम्ही शेवटचा मेंबर कधी काढला.

हा शेवटचा प्रश्न मी आमच्या गेल्या एजीएममध्ये विचारला, आयत्या वेळच्या विषयांतच. त्या म्हातारबुवांची खुर्ची आता रिकामी असते. सेक्रेटरी नवा आहे, पोरगा सरळ आहे, त्याने खरंच रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, गेल्या दहा वर्षांत तीन मेंबर कमी केले. तिघंही वर्गणी थकली म्हणून.

आपला,
एक छोटा कारखानदार
(कृपया नाव छापू नये, पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे)